बोरगावचा डायरेक्टर

मध्य प्रदेशातल्या आमच्या बोरगावच्या चौकात दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जन्यांची चौकट करून, एक डोळा मिटून, कोणी रस्त्यात बसलेल्या गाईकडे टक लावून पाहताना दिसला तर घाबरू नका. गाईला काही झालेलं नाही. तो आमचा डायरेक्टर आहे. हे नाव त्याला गावानं दिलं, आणि गावानं दिलेलं नाव आधार कार्डावरच्या नावापेक्षा पक्कं असतं. घरच्या नावानं आता त्याला फक्त त्याची माय हाक मारते, तीही चिडली असली तरच.

वय पंचविशीच्या आसपास. अंगात भरपूर खिशांचं जाकीट, भर मे महिन्यातसुद्धा. खिशांत काय असतं म्हणाल तर शाई संपलेलं पेन, पुण्याच्या बसची जुनी तिकिटं, अर्धी सुपारी आणि लेन्स पुसायचं फडकं. लेन्स नाही.

तसा हा नमुना एकट्या बोरगावचा नव्हे. मोबाईलमध्ये कॅमेरा आला, २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, आणि तेव्हापासून मराठी मुलखात तालुक्यागणिक एक डायरेक्टर उगवला. करमाळ्याकडच्या जेऊरचा मुलगा कविता करता करता सिनेमात गेला, अहमदनगरच्या कॉलेजात शिकताना केलेल्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ही नागराज मंजुळे यांची कथा या पोरांना तोंडपाठ असते. मधली वर्षं मात्र कोणी पाठ करत नाही. आमच्या डायरेक्टरचं दैवत त्याहून जुनं आहे. त्याचं दैवत दादासाहेब फाळके.

फाळक्यांचं चरित्र त्यानं कुठून तरी मिळवून वाचलं आणि घराचं वाटोळं सुरू झालं, असं त्याच्या वडिलांचं मत आहे. फाळके १८८५ मध्ये जे. जे.त दाखल झाले. मग बडोद्याचं कलाभवन, तिथं चित्रकला आणि फोटोग्राफी. मग गोध्र्याला फोटो स्टुडिओ, पुरातत्त्व खात्यात नोकरी, छापखाना. मधल्या काळात जादूचे प्रयोग, तेही आडनाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. एवढं सगळं धरून-सोडून झाल्यावर १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’. यावरून डायरेक्टरनं असा निष्कर्ष काढला, की एकेक कला सोडत गेलं की माणूस सिनेमाजवळ पोचतो. सोडण्याच्या बाबतीत तो फाळक्यांच्याही पुढं निघून गेला.

सुरुवात झाली बैलांच्या शिंगांपासून. पोळ्याला घरोघरचे बैल रंगवायचं काम त्यानं शाळेत असतानाच अंगावर घेतलं. लोक शिंगाला लाल-निळा वार्निश लावून वर बेगड चिकटवतात आणि मोकळे होतात. यानं एका बैलाच्या एका शिंगावर सूर्योदय काढला आणि दुसऱ्यावर सूर्यास्त. बैल मान हलवी तसतसा दिवस जाई आणि येई. मालकाला ते पसंत पडलं नाही. मग त्यानं तोरणाखाली म्हणायच्या झडत्या रचायला घेतल्या. आमच्याकडे पोळा झडत्यांशिवाय फुटत नाही. याच्या झडतीत गावातल्या एका वजनदार माणसाचं नाव आणि त्याच्या अतिक्रमणाचं माप असं दोन्ही यमकात बसलं होतं. झडती गाजली. पुढच्या वर्षी त्याला तोरणापासून चार हात लांब उभं केलं.

झडतीनंतर दुकानांच्या पाट्या. अक्षर चांगलं होतं हे मी मान्य करतो. त्याच्या हाताची एक पाटी अजून किराणा दुकानावर आहे आणि तिच्यातला ‘ळ’ पाहण्यासारखा आहे. पण तेवढ्यात फ्लेक्स आला आणि रंगाचे डबे वाळून गेले. मग फोटो स्टुडिओत मदतनीस. तिथं काम इथल्या कारखान्याच्या पासांसाठी फोटो काढायचं. यानं कुठंसं प्रकाशयोजनेबद्दल वाचलं होतं, म्हणून नव्या भरतीच्या पोरांचे अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात असे फोटो काढले. गेटवरच्या पहारेकऱ्यानं पास उलटासुलटा करून विचारलं, “बाकी का आधा आदमी किधर है?” स्टुडिओची नोकरी तिथंच संपली.

खडी गंमतीचं, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचं, प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. सावनेरकडच्या एका पार्टीत नाच्याची जागा रिकामी झाली आणि हा तयार झाला. खडी गंमतीत बाईचं काम पुरुषच करतो, त्यामुळे गावाला त्यात वावगं काही वाटलं नाही. वावगं वाटलं मायला, कारण पेटीतला शालू नाहीसा झाला होता.

“माय, ‘राजा हरिश्चंद्र’मधी तारामतीचं काम साळुंके नावाच्या माणसानं केलं होतं,” डायरेक्टर म्हणाला.

“करू दे ना बाप्पा. त्यानं बी आपल्या मायच्या पेटीतला शालू नेला होता का?”

याला फाळक्यांच्या चरित्रात उत्तर नव्हतं. पण चरित्रात दुसरी एक गोष्ट होती, आणि ती सांगायची त्याला काहीच गरज नव्हती. सिनेमासाठी पैसा उभा करताना सरस्वतीबाई फाळक्यांचे दागिने गहाण पडले होते. हे त्यानं जेवताना मोठ्या भक्तिभावानं सांगितलं. माय काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची पोत आणि पाटल्या लोधीखेड्याला मामाजींच्या कपाटात गेल्या.

वाटाण्याचीही गोष्ट झालीच. फाळक्यांनी पैसा लावणाऱ्यांना पटवायला वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची रोज थोडी थोडी फिल्म घेतली होती. डायरेक्टरनं ठरवलं, आपण संत्र्याची घ्यायची. आंबिया बहाराची कळी ते पिवळं फळ, एकाच फांदीवर, आठ-नऊ महिने. वडिलांचा मोबाईल सुतळीनं झाडाला बांधला. दुपारी बागेचा सौदा करायला व्यापाऱ्याचा फोन आला, आणि तो झाडाला आला. झाडानं उचलला नाही. व्यापारी शेजारच्या बागेत गेला. त्या वर्षी वडील मुलाशी फार थोडं बोलले. जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

लग्नाचं शूटिंग ही त्यानं पोटासाठी धरलेली कला. तुमचा मुलगा कॅमेऱ्याचं शिकतो म्हटलं की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “मंग आमच्या पोरीचं लगन काढून देईल का? घरचाच तं हाय.” घरचा असल्यानं पैसे द्यायचे नसतात. यानं एका लग्नाची कॅसेट (आता पेन ड्राइव्ह असतो, पण म्हणतात कॅसेटच) करून दिली. मंगलाष्टकं संपून वाजंत्री वाजतात, सगळा मांडव टाळ्या पिटतो, आणि कॅमेरा बराच वेळ मांडवाबाहेर एकट्या बसलेल्या नवरीच्या आजीवर थांबलेला. नवरा सगळ्या फिल्मभर मिळून जेमतेम दिसतो. वरपक्ष आजवर विचारतो की हार कधी घातले. मला विचाराल तर त्या आजीचा तेवढा तुकडा चांगला होता. पण मला कोणी विचारलं नाही, आणि माझ्या घरचं लग्नही नव्हतं.

एवढ्या पुंजीवर गडी पुण्याला गेला. आधी एफटीआयआयची प्रवेश परीक्षा दिली, ती जमली नाही. मग एका खासगी संस्थेत नाव घातलं. पण गावात बोलताना तो एफटीआयआयच्या, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या, आवाराबद्दल असं बोलतो, की १९६० मध्ये तिथं संस्था निघाली तेव्हा चुना मारायला हाच असावा. तिथल्या आंब्याच्या झाडाखाली ऋत्विक घटक पोरांना शिकवत, हे सांगताना त्याचा आवाज भरून येतो. झाड त्यानं पाहुणा म्हणून एकदा पाहिलेलं आहे.

पुण्यात त्याची खरी पंचाईत भाषेनं केली. याच्या घरात मराठी, तीही मले-तुलेची. शाळेत हिंदी. आजीच्या माहेरी पवारी. कारखान्यात कामाला आलेल्या भाडेकरूंच्या पोरांशी क्रिकेट खेळून थोडी भोजपुरी, बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायांकडून चार शब्द गोंडीचे. रेमंडचा कारखाना १९९१ मध्ये इथं आला, पाठोपाठ आणखी आले, आणि बोरगावच्या एका गल्लीत पोळा, छठ आणि दुर्गापूजा पाळीपाळीनं व्हायला लागली. गावाला यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. पुण्यातल्या मित्रांनी मात्र त्याची मराठी ऐकून विचारलं, “तू हिंदी आहेस का रे?” आणि भोपाळला एका कार्यशाळेत गेला तेव्हा तिथल्यांनी प्रेमानं पाठीवर हात ठेवून म्हटलं, “आप महाराष्ट्र वाले लोग नाटक बहुत अच्छा करते हो.”

एका मास्तरांनी वर्गात जाहीर केलं, की या मुलाची पार्श्वभूमी खऱ्या अर्थानं बहुसांस्कृतिक आहे. पदवी मिळाल्यासारखा त्यानं लगेच घरी फोन लावला. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्यानं फी कमी होते का?”

बहुसांस्कृतिक म्हणायचंच तर ते त्याच्या आबाजींना म्हणावं. आबाजी ऐंशीच्या वर आहेत. त्यांच्या लहानपणी राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर पलीकडे गेलं, आणि आबाजींची राजधानी भोपाळ झाली. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा जिल्हा वेगळा काढला, त्यात आमची सौंसर तहसील गेली. या सगळ्या काळात आबाजी ओट्यावरून उठलेले नाहीत. त्यांची वाक्यं मराठीत निघतात आणि हिंदीत उतरतात, मधे कुठं गाडी बदलली ते त्यांनाही कळत नाही. फिल्मच्या अर्जात ‘भाषा’ या रकान्यापुढं एकच चौकोन होता. डायरेक्टर त्या चौकोनापुढं रात्रभर बसून होता.

कारण शेवटच्या वर्षाच्या फिल्ममध्ये त्यानं आबाजींनाच घेतलं. फिल्मचं नाव ‘छोटी गाडी’. नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज लाईन, आमच्याकडे तिला छोटी लाईन म्हणत. मोठी लाईन टाकायची म्हणून २०१५ मध्ये ती बंद झाली. गोष्ट एवढीच, की एक म्हातारा सायकल हातात धरून रोज गाडीची वेळ झाली की स्टेशनावर जातो. गाडी येत नाही. विद्यार्थ्यांच्या निम्म्या फिल्मांत म्हातारा असतो आणि उरलेल्या निम्म्यांत सायकल, असं माझं निरीक्षण आहे. याच्यात दोन्ही होतं.

पुण्याहून तीन पोरं आणि एक पोरगी सामान घेऊन आली. कॅमेरावाल्याला उजेड हवा होता आणि आवाजवाल्याला शांतता. उजेड आमच्याकडे भरपूर आहे. शांततेसाठी डायरेक्टर पिठाच्या गिरणीवर गेला आणि तासभर गिरणी बंद ठेवा म्हणाला. तिथं डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांनी त्याला जे ऐकवलं ते आवाजवाल्यानं लांबूनच टिपलं आणि जपून ठेवलं. मग लांब दांडीला लावलेला माइक निघाला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्याच्यावर राखाडी केसाळ आवरण असतं. मोहल्ल्यातल्या कुत्र्यांनी ते मुंगूस आहे असा समज करून घेतला. दोन दिवस एक पोरगा फक्त कुत्रे हाकलायला होता. फिल्मच्या शेवटी नामावळीत त्याला ‘सुरक्षा’ म्हटलं आहे.

आबाजींना काम एवढंच होतं, की रुळाकडे बघत संत्रं सोलायचं आणि एक फोड तोंडात टाकून म्हणायचं, “आज लेट दिसते.” पण आबाजींनी कोणतंही वाक्य आयुष्यात दोनदा सारखं म्हटलेलं नाही. पहिल्यांदा म्हणाले, “आज लेट हाय वाटते.” दुसऱ्यांदा, “अरे बाबू, वो टाइम पे कब आती थी, तिले हात दाखवला का रुक जाये.” तिसऱ्यांदा कॅमेऱ्यामागच्या पोरीला विचारलं, “जेवली का वो बाई?” प्रत्येक वेळी नवं संत्रं, कारण आधीचं आबाजींनी खाल्लेलं. डायरेक्टर त्यांना विरह म्हणजे काय ते समजावत होता आणि ते मान डोलवत फोड चावत होते. पिशवी रिकामी झाली तेव्हा शेजारच्या झाडावरचं एक हिरवट फळ तोडून दिलं. ते असं आंबट निघालं, की आबाजींचे डोळे मिटले, ओठ थरथरले आणि वाक्य घशातच राहिलं. डायरेक्टर “कट” म्हणायचं विसरला. फिल्ममध्ये तोच तुकडा आहे. पुण्यात तो पाहून परीक्षक गहिवरले म्हणतात.

गाडी दिसणार नव्हती, निदान ऐकू तरी यायला हवी होती. इंटरनेटवर मिळालेला रेल्वेचा आवाज आबाजींना ऐकवला, तर ते म्हणाले, “हे तं मोठी गाडी हाय.” तेव्हा एका रात्री सगळी मंडळी भजनी मंडळाच्या खोलीत जमली. डायरेक्टरनं कधीकाळी तुकडोजी महाराजांच्या भजनांसाठी खंजिरी धरली होती आणि रिवाजाप्रमाणे सोडली होती. ती त्यानं परत हातात घेतली आणि रुळांच्या सांध्यावरची धडक वाजवायला लागला, आधी संथ, मग चढत्या लयीत. पेटीवाल्याला शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून भाता जोरात मारायला लावला. डिझेल इंजिनाचा भोंगा निघाला, अगदी हुबेहूब. छोट्या लाईनवर गँगमन म्हणून राबलेले एक काकाजी कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते.

“वळणावर अशी नाही येत ते,” काकाजी म्हणाले. “चाक घासते. कर्रर्र करते.”

विळा आणून पाहिला, साखळी आणून पाहिली. काकाजी मान हलवत राहिले. शेवटी डायरेक्टरची माय उठली, घरी गेली आणि चुलीवरचा जुना लोखंडी तवा आणि सराटा घेऊन आली. तव्याच्या कडेवर सराटा तिरका धरून तिनं एकदाच ओढला. काकाजींनी डोळे उघडले. “आली,” म्हणाले.

नामावळीत ‘ध्वनिप्रभाव’ म्हणून मायचं नाव आहे. ते वाचल्यावर तिनं पोत आणि पाटल्या परत आणल्या असं नाही. पण शालूचा विषय काढणं बंद केलं.

वडिलांचं अजून पटत नाही. फाळक्यांचा पहिला सिनेमा आला तेव्हा ते ४३ वर्षांचे होते, असं मुलानं त्यांना धीर द्यायला सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, “म्हणजे अजून सतरा-अठरा वर्षं म्या पैसे पाठवू?”

गणपतीत मंडपाला पांढरा पडदा बांधून फिल्म दाखवली. पूर्ण अकरा मिनिटांची. गावानं ती ज्या पद्धतीनं पाहायची त्याच पद्धतीनं पाहिली. आपण कुठं दिसतो, आपली गाय दिसते का, मागं ज्याच्या घराची भिंत आली त्याला विचारलं होतं का, आणि गिरणीवरच्या बायांचा आवाज कुठं गेला. गाडीचा आवाज आला तेव्हा मात्र दोनचार म्हाताऱ्यांनी खरोखर मान वळवून लोधीखेड्याच्या दिशेनं पाहिलं. संपल्यावर आबाजींनी निकाल दिला: “आवाज तं बरोबर हाय बाबू. पण गाडी कुठं हाय?”

माझा निकाल विचाराल तर, अकरा मिनिटांतली चार मिनिटं फार चांगली आहेत, आणि ती कोणती हे डायरेक्टरला माहीत नाही. चित्रकार म्हणून तो बरा होता, नाच्या म्हणून बेताचा, कवी म्हणून वाईट. एखादी कला धरून बसला असता तर बोरगावला एक मध्यम दर्जाचा पेंटर मिळाला असता, आणि फ्लेक्सवाल्यानं त्यालाही घरी बसवलं असतं.

आबाजींचं बोलणं त्यानं मनावर घेतलं आहे. आता फिल्म नव्यानं करायची आणि तिच्यात खरी गाडी दाखवायची, असं चाललं आहे. तर वाचकांना विनंती, की २०१५ च्या आधी कोणी लोधीखेडा, सौंसर किंवा रामाकोना स्टेशनावर छोट्या गाडीचं शूटिंग केलं असेल, बारशाचं, लग्नाचं, कशाचंही असो, पण मागून गाडी जाताना दिसत असेल, तर ते बोरगावला पोचवा. चौकात डायरेक्टर म्हणून विचारलं तर पोरंसोरंही घर दाखवतील. फक्त मूळ कॅसेट देऊ नका, कॉपी द्या. त्याच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही. शालूही अजून आलेला नाही.